दौत हलवावी की नाही?

शाईपेन भरायचं म्हटलं, की पुष्कळ घरांत आधी दौत खळखळून हलवली जाते. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असं लिहिलेलं असतं ना, तीच सवय शाईलाही लागते. शिवाय पूर्वी शाईची पूड किंवा वडी आणून घरीच शाई करीत. कॅम्लिनची सुरुवातही १९३१ साली अशा पुडीपासूनच झाली. पूड नीट विरघळावी म्हणून ती शाई ढवळावीच लागे.

पण बाजारातली नेहमीची निळी किंवा लाल शाई तयारच असते. तिच्यातला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. सरबतातली साखर एकदा विरघळली, की पुन्हा तळाशी बसत नाही, तसंच हे. तेव्हा ही शाई हलवायचं कारण नाही. हलवलीत तर फेस येतो, ड्रॉपरमध्ये शाईऐवजी बुडबुडेच चढतात, आणि झाकणात साचलेली शाई उघडताना बोटांवर नि कपड्यांवर सांडते.

चकाकीची शाई मात्र ताकासारखी. तिच्यातले बारीक कण विरघळत नाहीत, खाली बसतात. ताक ढवळून वाढतो, तशी हीही हलवूनच भरावी. झाकण घट्ट लावून दौत सावकाश चार-पाच वेळा उलटीसुलटी करावी, घुसळू नये. बुडबुडे विरले की भरावी. अशी शाई पेनात फार दिवस ठेवू नये.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या दौतीची. भरण्यापूर्वी ती उजेडासमोर अलगद तिरपी करून पाहा. तळाशी गाळ दिसला तर मुळीच हलवू नका! लोहक्षाराची निळी-काळी शाई हवा लागून जुनी झाली, की तिच्यात असा साका धरतो. हलवून तो पुन्हा विरघळत नाही. उलट पेनात शिरतो. निबेखालच्या जिभेतल्या खाचा अगदी बारीक असतात. त्या तुंबल्या, की ऐन परीक्षेत मुलाचं पेन अडतं, किंवा वडिलांची आठवण म्हणून जपलेलं पेन मुकं होतं. गढूळ पाणी निवळल्यावर आपण कळशी हलवतो का? तशीच, गाळ असलेली शाई मौल्यवान पेनात घालूच नये. त्यासाठी नवी दौत आणलेली बरी.

वर बुरशीचा तवंग दिसला किंवा कुबट वास आला, तर मात्र मोह नको. ती शाई फेकूनच द्यावी. तिच्यातला ड्रॉपरही पुन्हा वापरू नये, आणि ती पेनात गेली असेल तर पेन साध्या गार पाण्यानं, निळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवावं. गरम पाणी वापरू नये.

आणखी दोन गोष्टी. पेनातली उरलेली शाई परत दौतीत ओतू नये. आणि दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, कधीकधी त्यांचाही साका होतो.

थोडक्यात काय, तर दौत हातात आली की आधी बघावी, मग ठरवावं. आणि मुलांनाही तेच शिकवावं, बरं का!