एक ‘वेअर’ आणि आपलं ‘काढणे’

कर्जतच्या एसटी स्टँडवर (अहिल्यानगरचं कर्जत, लोकलचं नव्हे) सकाळी दहा मिनिटं उभं राहा. आजोबांनी फेटा बांधलाय, आजी नऊवारी नेसल्यात, नातवानं पँट घातलीय, चष्मा लावलाय. चार गोष्टी, चार क्रियापदं. इंग्रजी सगळ्यांना एकाच शब्दात उरकतं: वेअर. अत्तरालाही वेअरच.

इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्याचीही हीच पंचाईत. त्याच्याकडे सदरा ‘किरु’, पँट आणि बूट ‘हाकु’, टोपी ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’. त्यालाही सुरुवातीला ‘वेअर’ जरा दरिद्रीच वाटत असणार.

खरी मेख पुढे आहे. बाहेर मित्र हाका मारतोय, आपण नाड्या बांधत आतून ओरडतो, ‘थांब, बूट घालतोय!’ इथे ‘वेअरिंग’ म्हटलं की फसलो. ‘आय ॲम वेअरिंग शूज’ म्हणजे बूट आधीच पायात आहेत. चढवण्याची क्रिया ‘पुट ऑन’, चढवल्यानंतरची स्थिती ‘वेअर’. आपण ‘घालतोय’ आणि ‘घातलेत’ असं रूप बदलून भागवतो. इंग्रजी शब्दच बदलतं.

‘काढणे’चं गणित बरोबर उलटं. इथे उधळपट्टी इंग्रजीची. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटाचा फोटो काढला: टेक. सिद्धटेकला देवळाबाहेर चपला काढल्या: टेक ऑफ. बँकेतून पैसे काढले: विथड्रॉ. तिकीट काढलं: सरळ बाय. दारात चित्र काढलं तर ड्रॉ, आणि आडातून पाणी काढलं तरी ड्रॉच. हा योगायोग नव्हे. ‘ड्रॉ’चा जुना अर्थ ओढणे; पोहरा ओढतात तशी रेघही ओढतात, मराठीतसुद्धा. गाईचं दूध काढणं आणखी मजेचं. ‘मिल्क’ हेच क्रियापद होतं, आणि कर्म दूध नसून गाय: ‘मिल्क द काऊ’. कोशात ‘काढणे’समोर ‘रिमूव्ह’ सापडलं म्हणून ते फोटोला चिकटवलं, तर फोटो भिंतीवरून खाली उतरतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी शब्दार्थाच्या वहीत डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक अर्थ, ही सवय जात नाही. मला ती वही फाडावीशी वाटते. ‘टेक’ एकटा लिहू नये, ‘टेक अ फोटो’ लिहावं. शब्दाशेजारी त्याचा सोबती हवा.

आपल्या घरात राहायला आलेले इंग्रजी शब्द तर याहून फसवे, कारण ते ओळखीचे वाटतात. जपानीत ‘मानशोन’ म्हणजे इमारतीतला साधा फ्लॅट. इंग्रजाच्या डोळ्यांपुढे मात्र ‘मॅन्शन’ म्हटलं की भला मोठा वाडा उभा राहतो. आपली ‘लाईट गेली’ की विहिरीवरची मोटारही थांबते. इंग्रजाला वाटेल, दिवा विझला असेल, दुसरा लावा. त्याच्याशी बोलताना गेलेली असते ती ‘पॉवर’.