चॉसरचा विद्यार्थी आणि आपली माधुकरी



इंग्रज कवि चॉसर सन १४०० मध्यें वारला. त्याच्या 'कँटरबरी कथां'त ऑक्सफर्डचा एक दरिद्री विद्यार्थी आहे. घोडा हाडकुळा, स्वारहि तसाच, अंगरखा विरलेला. उंची वस्त्रांपेक्षां उशाशीं ॲरिस्टॉटलचे वीस ग्रंथ असावेत, ही त्याची हौस. ग्रंथ हातानें लिहिले जात, तेव्हां ही हौस फारच महागाची! स्नेह्यांनीं दिलेला पैसा तो ग्रंथांत घाली आणि दात्यांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करी.

पण त्याच चॉसरचे दुसरे विद्यार्थी पाहा. एक भाडेकरू निकोलस. तो घरमालक सुताराला बनवितो. दुसरे केंब्रिजचे दोघे. पीठ चोरणाऱ्या गिरणीवाल्यावर ते उलटतात. पूज्य तरी असावें, नाहींतर लुच्चें! भीक मागत हिंडणाऱ्या विद्यार्थ्यानें विद्यापीठाच्या कुलपतीचें पत्र जवळ बाळगावें, असा कायदाच इंग्लंडांत १३८८ सालीं झाला होता.

आपल्याकडे असें पत्र लागत नसे. बटूनें झोळी घेऊन चार घरीं जावें, मधमाशीप्रमाणें थोडें थोडें गोळा करावें, म्हणून ती माधुकरी. वार लावून जेवणारा सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. कुठें प्रेमानें वाढीत, कुठें आधीं पाणी भरावें लागे. ताटावर बसल्यावर यजमानीणबाईंच्या मुद्रेकडे न पाहण्याची कला त्या मुलांना व्याकरणाआधीं शिकावी लागे, असें मला वाटतें.

चॉसरनें ही गरिबी बाहेरून पाहिली. आपल्याकडे ती सोसणाऱ्यानेंच लिहिली. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत केलेली पायपीट, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेला न बसवितां परत पाठविणें, हें त्यांत आहे. कुठेंहि आक्रोश नाहीं. म्हणूनच तें मनांत रुततें. आगरकरांची कथा तर आम्हां पिंपळगांव राजाकरांना घरचीच, कारण ते १८७५ सालीं मॅट्रिक झाले ते आमच्या शेजारच्या अकोल्याहून. पुढें पुण्यास एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं घालीत, असें सांगतात. शिक्षण संपत आलें तेव्हां, मोठ्या पगाराची आशा धरूं नकोस, असें त्यांनीं आईस कळविलें. ज्या माउलीनें दारिद्र्य सोसलें तिलाच हें लिहावयाचें! चॉसरच्या विद्यार्थ्याला असें पत्र लिहावें लागलें नाहीं.

मात्र एक गोष्ट आपण सहसा बोलत नाहीं. ती झोळी बहुतांशीं ब्राह्मण मुलांची होती. कुणब्याच्या किंवा महाराच्या हुशार मुलाला वार कोण देणार? त्याच्यासाठीं भिक्षेचा मार्गहि बंद होता, आणि म्हणून जुन्या साहित्यांत त्याचें चित्रहि नाहीं. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहें उभीं केलीं. आमच्या वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं बोर्डिंग सुरू केलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, स्वतःचीं कामें स्वतः करीत आणि एकाच पंक्तीला बसत. आज कोणत्या घरचा वार, हें त्यांना कोणी विचारीत नसे.