परसबागेचे वर्ग कोठे व केव्हा भरवावेत?

पुण्यास एम्प्रेस बागेत दरवर्षी जानेवारी महिन्यात, प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. ही बाग चालविणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सन १८३० सालची आहे. गच्चीवर चार कुंड्या बाळगणारे शहरवासी तेथे हौसेने जातात. इकडे ज्याच्या नावे दहा एकर ऊस उभा आहे, त्याच्या घरी कोथिंबिरीची जुडी बाजारातून येते! आमची नोकरी महसूल खात्यात झाली. गाव नमुना १२ मध्ये शेतातील पिकाची नोंद असते, परंतु गावठाणातील परसात चढलेल्या वेलास त्यात जागा नाही. सरकारदरबारी नोंद नाही, म्हणून घरधन्याच्या लेखीही तो वेल नसल्यासारखाच झाला आहे.

अलीकडे परसबागेचे वर्ग निघू लागले, हे चांगले झाले. परंतु आम्ही पाहिलेल्या एका वर्गात दुधीभोपळ्यावरील व्याख्यान दुपारी बारा वाजता, चावडीत, बहुतेक पुरुषांपुढे झाले. परस राखणाऱ्या बायका त्या वेळी शेतात होत्या. शिवाय दुधीचे पांढरे फूल उमलते सायंकाळी. दुपारी दाखविणार काय? तांबड्या भोपळ्याचे उलट आहे: त्याचे पिवळे फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते. ज्या फुलाच्या पाठीशी बारीक फळ दिसते ती मादी. नुकत्याच उमललेल्या नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग तिच्या मध्यभागी हलकेच लावावा, म्हणजे फळ धरते. हे वेलापाशी उभे राहून एकदा पाहिले की पुरे.

बियाण्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गोड दुधीस शेजारच्या कडू वेलाचा पराग लागला, तर त्या फळाची चव बिघडत नाही. परंतु त्याच्या बीपासून कडू वेल निघू शकतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत. यासाठी बियाण्याकरिता राखावयाची नर व मादी फुले उमलण्यापूर्वीच दोऱ्याने बांधावी, हाताने पराग लावावा व मादीफूल पुन्हा बांधून फळास खूण करावी. वालास एवढी यातायात नाही, कारण त्याचे फलन बहुतेक आपल्याच फुलात होते. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये. पुढची रोपे एकसारखी निघत नाहीत.

ही विद्या पुस्तकाचीच आहे असे कोणी मानू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण गावठी वालाची व इतर भाज्यांची बियाणी त्यांनी घरी जमवून राखली व इतर बायकांस दिली. सन २०२० मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

अक्षय्य तृतीयेस आळी करून वेलांचे बी लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. त्याआधी आठ दिवस आमच्या मंडळाने पहिला वर्ग भरवावा. दुसरा वेल फुलावर आल्यावर, दिवस कलताना, आणि तोही कोणाच्या तरी परसात. येणाऱ्या प्रत्येक बाईने घरचे मूठभर बी आणावे व दुसरीचे घेऊन जावे. व्याख्यात्याची सोय नंतरही होईल. ज्या सभासदांच्या परसात पाणी आहे व घरच्या मंडळींची संमती आहे, त्यांनी माघ संपण्यापूर्वी चिटणिसांस कळवावे.