माझ्या बहिणीची प्राप्ती

मराठी शिकविणाऱ्या माणसाला घरातले लोक हिशेबाच्या कामी सहसा बोलावीत नाहीत. लग्नपत्रिकेचा मजकूर, फार तर एखादे मानपत्र, एवढीच आमची उपयुक्तता! त्यामुळे २०२५ च्या गौरी-गणपतीनंतर धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, रविवारी ये. प्राप्तिकराचा कागद भरायचाय," तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनीही भुवया उंचावल्या.

बहीण पुण्यात डबे करते. नऊ वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला, तेव्हा भाची सहा वर्षांची होती. आता ती दहावीत आहे, आणि पुढे इंजिनिअर व्हायचे म्हणते. शिक्षणासाठी कर्ज कसे मिळते, हे विचारायला बहीण एका बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी विचारले, "बाई, तुमची तीन वर्षांची विवरणपत्रे?" ही निरुत्तर होऊन परतली. आजवर तिने एकही भरले नव्हते.

"पण दादा, मला कर कुठला लागायला? मी कसली मिळवती! चार डबे करते, झालं."

कराच्या बाबतीत तिचे बरोबर होते. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता, आणि त्याच्या आत असणाऱ्या बहुतेकांवर विवरणपत्राची सक्तीही नव्हती. पण कर नसला तरी कमाईचा पुरावा लागतोच. यंदापासून दर वर्षी भरले, तर भाची बारावी होईपर्यंत तीन कागद हाती येतील, असा आमचा हिशेब होता. वाढवून मिळालेली १५ सप्टेंबरची मुदत जवळ आली होती.

हिशेबाच्या वह्या म्हणाल, तर भिंतीवरची दिनदर्शिका! कोणाचा खाडा, कोणाचे पैसे आले, सारे त्या तारखांच्या चौकोनांत. भाचीने बँकेचे पासबुक वाचावे, मी मांडावे, असे करीत बेरीज लागली: वर्षाची जमा ७,४०,०००. त्यांपैकी पाच लाख फोनवरून थेट खात्यात आलेले, बाकी २,४०,००० रोख.

लहान व्यावसायिकासाठी १९६१ च्या कायद्यात ४४ एडी नावाचे एक सोयीचे कलम होते. (१ एप्रिल २०२६ ही २०२५ चा नवा कायदा अमलात येण्याची तारीख, त्यात कलमांचे क्रमांक बदलले.) खात्यात आलेल्या जमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के, एवढा तरी नफा धरायचा, मग जमाखर्चाच्या रीतसर वह्या मागत नाहीत. 'सुगम' नावाचा चार नंबरचा फॉर्म त्यासाठीच. मी ऐटीत गणित केले: तीस हजार अधिक एकोणीस हजार दोनशे. "झाले! तुझे उत्पन्न ४९,२००."

बहीण गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, वर्षभर पहाटे पाचला उठते मी. ते एकोणपन्नास हजारांसाठी?"

मी ओशाळलो. कलमातला आकडा हा कमीत कमी होता; प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर तोच दाखवावा, असे त्याच कलमात होते. पुन्हा बसलो. वाणी, भाजी, गॅस, पोळ्या करणाऱ्या मावशींचा पगार, डबे पोचविणाऱ्या मुलाचे पैसे, सारा खर्च निघाला ४,८०,०००. राहिले २,६०,०००. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षांत तिने ही वजाबाकी कधी केलीच नव्हती.

"यात नवऱ्याचं नाव कुठे लिहायचं?" तिने दबकत विचारले. मी फॉर्म वरपासून खालपर्यंत दाखविला. तसा रकानाच नव्हता. शेवटच्या प्रतिज्ञेत फक्त वडिलांचे नाव होते. आमच्या अण्णांचे.

एकट्या आईला वेगळी सवलत मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. एकाच ठिकाणी तिची दखल होती. भाचीच्या नावे अण्णांनी ठेव ठेवली होती, तिचे व्याज ७,०००. अज्ञान मुलाचे असे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यात मिळवायचे. पण विवाह संपुष्टात आला असेल, तर त्या वर्षी ज्याने मुलाचा सांभाळ केला त्याच्या उत्पन्नात.

उत्पन्न वाढलेले कोणाला आवडते? पण बहीण म्हणाली, "लिही दादा. माझ्यातच मिळव."

एकूण २,६७,०००. कर शून्य. आधारचा आकडा फोनवर आला, भाचीने तो घातला, आणि पोचपावती निघाली. हे पडताळणीचे काम तीस दिवसांत करावेच लागते. नाहीतर भरलेला कागद वेळेत भरला असे धरीत नाहीत.

निघताना पाहतो, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी एक नवी दोनशे पानी वही खिळ्याला टांगलेली. पहिल्या पानावर भाचीच्या अक्षरात दोन रकाने: जमा आणि खर्च. बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "मामाला डबा दे गं! आणि वहीत लिही, घरचा म्हणून."