हरारेत सापडलेला शब्द

कापसानं दगा दिला की घरातलं मोठं माणूस गप्प गप्प होतं. यवतमाळच्या मुलांना हे वेगळं सांगायला नकोच! मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल इंग्लंडमध्ये शिकले आणि पुढचा अनुभव घ्यायला गेले कुठे? आफ्रिकेत, झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात! तिथली माणसं ‘डिप्रेशन’ म्हणत नव्हती, ‘कुफुंगिसिसा’ म्हणत होती. म्हणजे फार विचार करणं. किती नेमका शब्द! आधी माणसाचा शब्द ऐकायचा, हे डॉक्टर तिथे शिकले. १९९६ साली गोव्यात त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘संगथ’ संस्था काढली. पुढे यवतमाळशेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. आणि आपल्याकडचा शब्द? तो तर तुमचे आजोबाही वापरतात: टेन्शन!