जागल्याची हाक

पूर्वी गावोगावी रात्रीच्या पहाऱ्यासाठी जागल्या असे. सारा गाव निद्राधीन झाला म्हणजे तो गल्लोगल्ली फिरे आणि संकटाची चाहूल लागताच हाक देऊन लोकांस जागे करी. आजच्या यंत्रयुगात हेच कार्य शोधक वृत्तीच्या पत्रकाराला करावे लागते. मात्र आजची संकटे पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाहीत. ती कारखान्यांच्या टाक्यांत आणि तज्ज्ञांच्या अहवालांत दडलेली असतात. ती ओळखावयाची तर पत्रकाराला विज्ञानाचा अभ्यास करावा लागतो. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांची हकीकत या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भोपाळ शहरात युनियन कार्बाइड या कंपनीचा कीटकनाशके तयार करण्याचा कारखाना होता. १९८१ च्या डिसेंबर महिन्यात तेथे फॉस्जीन या विषारी वायूची गळती झाली व एक कामगार मृत्युमुखी पडला. हा कामगार केसवानींचा स्नेही होता. अपघात म्हणून लोक ही गोष्ट विसरून गेले. पण केसवानींच्या मनात प्रश्न उभा राहिला, 'हे घडले कसे? आणि पुन्हा घडणार नाही कशावरून?'

केसवानी काही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. तरीही त्यांनी ग्रंथ चाळले, कामगारांना गाठून कारखान्यातील व्यवहाराची माहिती मिळवली आणि १९८२ साली अमेरिकन तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीचा अहवालही मिळवला. त्या अहवालात कारखान्यातील अनेक उणिवा नमूद केलेल्या होत्या. फॉस्जीन हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. कारखान्याभोवती तर गोरगरिबांची दाट वस्ती! या सर्व गोष्टी एकत्र जुळवताच पुढील संकट त्यांना स्पष्ट दिसू लागले. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या छोट्याशा हिंदी साप्ताहिकातून त्यांनी लागोपाठ लेख लिहून भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले असल्याचा इशारा दिला. पुढे १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता' या दैनिकातूनही त्यांनी तीच हाक दिली. परंतु ती कोणी मनावर घेतली नाही.

कारखान्यात मिथिल आयसोसायनेट नावाचे अतिविषारी द्रव्य साठवलेले असे. ते सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. म्हणून ते सदैव थंड ठेवावे लागते. पाण्याशी त्याचा संयोग झाला, तर मोठी उष्णता निर्माण होते. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री एका टाकीत पाणी शिरले. द्रव्य थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधीच कित्येक महिने बंद होती. टाकीतील दाब वाढला आणि मध्यरात्रीच्या सुमारास विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे प्राणांस मुकली आणि लाखोंच्या शरीराला बाधा झाली.

१९८५ साली केसवानींना पत्रकारितेसाठी बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला. पुढे शासनानेही १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि १९८७ मध्ये कारखान्यांविषयीच्या कायद्यात सुधारणा केली. धोकादायक द्रव्यांची माहिती कामगारांना व आसपासच्या रहिवाशांना देणे आता कारखानदारांवर बंधनकारक झाले. केसवानींनी जी माहिती महत्प्रयासाने शोधून काढली, ती मिळणे हा नागरिकांचा हक्क ठरला. २०२१ साली केसवानींचे निधन झाले.

बालमित्रांनो, अशा पुरस्कारांचे मोल कशात आहे? केसवानींचे भाकीत खरे ठरले म्हणून ते थोर, असे समजणे योग्य नव्हे. भाकीत तर ज्योतिषीही करतो. त्यांनी प्रश्न विचारला, पुरावा गोळा केला, विज्ञानाच्या कसोटीवर तो पारखून घेतला आणि मग निर्भयपणे लिहिले. पुरस्काराने या निष्ठेचा गौरव होतो, आणि तिचा आदर्श इतरांपुढे राहतो. परंतु तो मिळाला तेव्हा भोपाळमध्ये चिता विझून गेल्या होत्या, ही गोष्ट विसरता येत नाही. जागल्याला शेला-पागोटे देणे हे गावाला शोभते खरे. पण त्याने हाक दिली असता वेळीच उठून दिवा लावणे, हे गावाचे पहिले कर्तव्य होय.