लिब्रे ऑफिस : विद्यार्थ्याच्या टेबलावरील रोजकीर्द आणि खतावणी

वाणिज्य शाखेच्या महाविद्यालयांत जानेवारी उजाडला की प्रकल्प-अहवालांची लगबग सुरू होते. चाळीस-पन्नास पानांचा अहवाल मुले तुकड्यातुकड्याने मोबाइलवर लिहितात आणि अखेरच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात नेऊन 'सेट' करून घेतात. पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका, तक्ते हे सारे दुकानातील कारागिराच्या मर्जीवर असते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी एक परिच्छेद वाढवण्यास सांगितले, की पुन्हा दुकान आणि पुन्हा पैसे. आपल्या बहुतेक व्यापारी घरांत संगणक आहे, दुकानात टॅली आहे. परंतु ज्या कार्यालयीन प्रणालीवर पुढे मुलांना आयुष्यभर काम करायचे आहे, तिची ओळख मात्र वरवरची राहते.

आणखी एक गोष्ट पालकांनी पाहावी. घरच्या संगणकावर बसवलेली प्रणाली अधिकृत आहे काय? संगणक जुळवून देणाऱ्याने 'सगळे टाकून दिले आहे' असे म्हटले, की आपण समाधानाने मान डोलावतो. ती प्रत बहुधा चोरीची असते, तिला सुरक्षेच्या सुधारणा नीट मिळत नाहीत, आणि तिचे कुलूप तोडण्यासाठी वापरलेल्या छोट्या प्रणालींतूनच विषाणू शिरतात. त्याच संगणकावर आपण नेट बँकिंग करतो आणि जीएसटीची विवरणपत्रेही भरतो. काही हजार रुपये वाचवण्यासाठी इतकी जोखीम पत्करणे मला व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे वाटत नाही. विशेषतः एक पैसाही न देता कायदेशीरपणे वापरता येईल अशी संपूर्ण प्रणाली उपलब्ध असताना.

तिचे नाव लिब्रे ऑफिस. 'लिब्रे' म्हणजे मुक्त. तिचे मूळ जर्मनीतील स्टार डिव्हिजन या कंपनीच्या स्टार ऑफिसमध्ये आहे. १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली प्रणालीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून ओपन ऑफिस जन्मास आले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनेक विकासकांनी वेगळे होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि लिब्रे ऑफिस या नावाने स्वतंत्र वाट धरली. आज ही संस्था बर्लिन येथे नोंदणीकृत आहे. प्रणालीत लेखनासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस, आकृत्यांसाठी ड्रॉ, माहितीसाठ्यासाठी बेस आणि गणिती सूत्रांसाठी मॅथ असे सहा विभाग आहेत. विद्यार्थ्याने पहिल्या दोहोंवर हुकमत मिळवावी. बाकीचे गरजेनुसार येतात.

अहवाल लिहिताना

रायटरमधील सर्वांत उपयोगी सोय म्हणजे 'स्टाइल्स', आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. प्रकरणाचे शीर्षक उठून दिसावे म्हणून विद्यार्थी ती ओळ ठळक करतो, अक्षरे मोठी करतो. डोळ्यांना ते शीर्षक दिसते, पण संगणकाच्या लेखी ती जाड अक्षरांतील एक साधी ओळच राहते. त्याऐवजी ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि १ ही कळ दाबावी. ती ओळ पहिल्या पातळीचे शीर्षक ठरते. कंट्रोल आणि २ ने उपशीर्षक. एवढी शिस्त पाळली की 'इन्सर्ट' सूचीतून अनुक्रमणिका क्षणात तयार होते. नंतर मजकूर वाढून पाने सरकली, तरी अनुक्रमणिकेवर उजवी कळ दाबून ती अद्ययावत करता येते. सगळी शीर्षके निळी करावीत असे प्राध्यापकांनी सुचवले, तर एफ ११ दाबून स्टाइल्सची खिडकी उघडावी आणि तेथे एकदाच बदल करावा.

एफ ५ या कळीने उघडणारा 'नॅव्हिगेटर' सर्व प्रकरणांची यादी दाखवतो. तिसरे प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्यायचे असेल तर यादीतील नाव वर ओढावे, संपूर्ण प्रकरण आपल्या उपशीर्षकांसह हलते. प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देशाच्या पानांना रोमन क्रमांक, मुख्य अहवालाला १ पासून क्रमांक, अशी विद्यापीठाची अट असते. ती पानांच्या स्टाइलमधून पूर्ण होते. प्राध्यापकांना मसुदा पाठवताना बदलांची नोंद चालू करून द्यावी, म्हणजे त्यांनी काय खोडले आणि काय घातले ते रंगांत दिसते व प्रत्येक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो.

पीडीएफ करण्यासाठी कोणत्याही संकेतस्थळावर आपला अहवाल चढवण्याची आवश्यकता नाही, रायटर ती थेट करून देतो. त्यातही 'हायब्रिड' नावाचा एक पर्याय आहे. अशी पीडीएफ कोणालाही नेहमीप्रमाणे वाचता येते आणि तीच फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडल्यास पुन्हा संपादित करता येते, कारण मूळ दस्तऐवज तिच्या पोटात असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन सूचना. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून लेखन युनिकोडमध्येच करावे. दुसरी अडचण अनेकांना गोंधळात टाकते : फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरे तशीच राहतात. याचे कारण असे की ही प्रणाली रोमन आणि देवनागरी लिप्यांचे फॉन्ट स्वतंत्रपणे सांभाळते. 'ऑप्शन्स'मधील भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करून तेथे मराठी निवडावी, मग दोन्ही फॉन्ट वेगवेगळे ठरवता येतात.

आकडे आणि त्यांची शिस्त

माझा जीव मात्र कॅल्कमध्ये अधिक रमतो. बँकेत उमेदवारी केली त्या काळी लेजर हाताने लिहावे लागत आणि बेरीज जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. ती शिस्त आजच्या मुलांना वेगळ्या वाटेने शिकावी लागते, कारण संगणक बेरीज चुकवत नाही. चुकते ते त्याला दिलेले साहित्य.

पहिला धडा असा, की कप्प्यात दिसणारा आकडा हा संगणकाच्या लेखी आकडाच असेल असे नाही. दुसरीकडून चिकटवलेल्या यादीत पुष्कळदा आकडे 'मजकूर' म्हणून येतात आणि बेरजेतून निमूटपणे वगळले जातात. कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एफ ८ दाबले की मजकूर काळ्या, आकडे निळ्या आणि सूत्रे हिरव्या रंगात दिसू लागतात. निळ्या स्तंभात एखादा काळा आकडा आढळला तर बेरीज कोठे अडली ते समजले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हिरव्या स्तंभात मधेच एखादा निळा आकडा दिसला, तर तेथे कोणीतरी सूत्र पुसून हाताने रक्कम लिहिलेली आहे. ताळेबंद जुळवण्याची ही युक्ती नकळत वापरली जाते. सनदी लेखापालाकडे उमेदवारी करू इच्छिणाऱ्या मुलांनी ही एक कळ तरी अवश्य लक्षात ठेवावी. 'डिटेक्टिव्ह' नावाची सोयही याच कामाची. एखादी रक्कम कोणकोणत्या कप्प्यांतून आली ते ती बाण काढून दाखवते.

बँकेचे खाते क्रमांक लिहिण्यापूर्वी त्या स्तंभाला मजकुराचे स्वरूप द्यावे. पंधरा अंकांपलीकडे अशा प्रणालींची अचूकता टिकत नाही आणि आरंभीची शून्येही गळून पडतात. चुकीच्या क्रमांकावर पैसे गेल्यावर ते परत मिळवणे किती यातायातीचे असते, हे बँकेच्या काउंटरमागे बसलेल्यांना चांगले ठाऊक आहे.

आता एक उदाहरण, जे मला विशेष महत्त्वाचे वाटते. समजा, दुकानासाठी ५,००,००० रुपयांचे कर्ज पाच वर्षांकरिता हवे आहे. एक खासगी सावकारी कंपनी सांगते, 'आमचा दर फक्त १० टक्के, फ्लॅट.' बँक सांगते, १२.५ टक्के, घटत्या शिलकीवर. घरातील थोरांना साहजिकच पहिला प्रस्ताव स्वस्त वाटतो. द्वितीय वर्षातील मुलीने कॅल्क उघडावे. फ्लॅट पद्धतीत पाचही वर्षे पूर्ण मुद्दलावर व्याज आकारतात. म्हणजे वर्षाला ५०,००० प्रमाणे २,५०,००० रुपये व्याज, आणि साठ हप्ते प्रत्येकी १२,५०० रुपयांचे. बँकेचा हप्ता काढण्यासाठी पीएमटी हे सूत्र आहे. त्याला मासिक दर, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल एवढेच द्यायचे. वार्षिक दराला १२ ने भागण्यास मात्र विसरू नये, विद्यार्थी येथेच हमखास चुकतात. उत्तर येते सुमारे ११,२४९ रुपये. पाच वर्षांतील व्याज साधारण १,७५,००० होते. 'महाग' दिसणारे कर्ज ७५,००० रुपयांनी स्वस्त निघाले!

मुलीने येथेच थांबू नये. रेट या सूत्राला साठ हप्ते, दरमहा १२,५०० रुपये आणि मुद्दल ५,००,००० असे सांगून १२ ने गुणावे. त्या फ्लॅट १० टक्क्यांचा खरा वार्षिक दर १७.२७ टक्के असल्याचे पडद्यावर येते. या सूत्रांत हातात आलेली रक्कम आणि हातून गेलेली रक्कम यांची चिन्हे परस्परविरुद्ध द्यावी लागतात, एवढे पथ्य पाळावे. 'दादाजी, हा दहा टक्के नाही, सव्वासतरा टक्के आहे' असे नातीने पुराव्यानिशी दाखवले, तर त्या घरात वाणिज्य शाखेच्या शिक्षणाबद्दल पुन्हा कोणी शंका घेणार नाही.

'गोल सीक' ही सोय उलट्या दिशेने हिशेब करते. दरमहा ९,००० रुपयांहून अधिक हप्ता झेपणार नाही, दर १० टक्के आणि मुदत पाच वर्षे, तर कर्ज किती घ्यावे? हप्त्याच्या कप्प्यात ९,००० यावेत असे सांगितले की कॅल्क स्वतःच मुद्दल शोधून काढते : सुमारे ४,२३,५८८ रुपये. उच्च शिक्षणासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेण्याआधी हा एक प्रयोग करावा.

खतावणीचे तत्त्व ज्याला समजले त्याला 'पिव्हट टेबल' शिकवावे लागत नाही. रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने येतात आणि खतावणीत ते खात्यांनुसार वाटले जातात. पिव्हट टेबल हेच काम माउसने करते. टॅलीमधून वर्षाची विक्री बाहेर काढून कॅल्कमध्ये उघडावी. ग्राहकाचे नाव ओळींत, महिना स्तंभांत आणि रक्कम मधे ओढावी. कोणता ग्राहक कोणत्या महिन्यात खरेदी करतो, कोणाची खरेदी गेल्या सहा महिन्यांत आटली, हे सारे एका पानावर येते. उधारीच्या यादीत आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करून नव्वद दिवसांवरील रकमा आपोआप लाल व्हाव्यात अशी योजनाही करता येते. महाविद्यालयाचा प्रकल्प म्हणून हा विषय उत्तम आहे, आणि दुकानालाही त्याचा उपयोग होतो. कॅल्कच्या एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी मावतात, तेव्हा मोठ्या पेढीलाही जागा अपुरी पडत नाही. भाषा-प्रदेशात भारत निवडल्यास स्वल्पविराम लाख-कोटींच्या रीतीने पडतात.

इम्प्रेसविषयी थोडक्यात सांगतो. मुले सरकत्या पानांच्या सजावटीत रात्री घालवतात. 'मास्टर स्लाइड'वर रंग व फॉन्ट एकदा ठरवावेत आणि 'नोट्स'मध्ये बोलायचे मुद्दे लिहावेत. ते वक्त्याला त्याच्या पडद्यावर दिसतात, श्रोत्यांना दिसत नाहीत. सांख्यिकीची सूत्रे अहवालात नीट उमटवण्यासाठी मॅथ उपयोगी पडते.

या प्रणालीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बहुतेक कार्यालयांत आणि लेखापालांकडे आजही मायक्रोसॉफ्ट एक्सेल चालते. एक्सेलमध्ये लिहिलेले मॅक्रो कॅल्कमध्ये नेहमीच जसेच्या तसे चालत नाहीत आणि वर्डमधील गुंतागुंतीची रचना रायटरमध्ये कधीकधी हलते. दुसऱ्याला पाठवायची फाइल डॉक्स किंवा एक्सएलएसएक्स स्वरूपात जतन करावी, आणि नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफच द्यावी. स्वतःजवळची मूळ प्रत मात्र ओडीएफ स्वरूपात ठेवणे बरे; २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे. महाविद्यालयाने मायक्रोसॉफ्टची अधिकृत सोय दिली असेल तर विद्यार्थ्याने तीही जरूर वापरावी, फक्त महाविद्यालय सोडल्यावर ती सहसा बंद होते हे लक्षात घेऊन आपल्या फाइली आधीच काढून ठेवाव्यात. स्टाइल्स, पीएमटी, पिव्हट, गोल सीक या कल्पना दोन्हीकडे त्याच आहेत. एकीकडे शिकलेले दुसरीकडे वाया जात नाही.

प्रणाली उतरवून घेताना द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. तेथे देणगीचे आवाहन दिसते. ती ऐच्छिक आहे, ती प्रणालीची किंमत नव्हे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलच्या ॲप-दुकानांत हीच प्रणाली शुल्क आकारून मिळते, तेव्हा घाईने पैसे भरू नयेत. महत्त्वाच्या फाइलीला परवलीचा शब्द द्यायचा असेल तर तो घरातील आणखी एकास माहीत असावा, कारण तो विसरल्यास फाइल उघडून देणारे कोणतेही कार्यालय नाही. पहिल्या सरावासाठी घरातील गेल्या बारा महिन्यांची विजेची बिले घ्यावीत : महिना, युनिट, रक्कम असे तीन स्तंभ आणि प्रति युनिट खर्च काढणारा चौथा, सूत्राचा. मग कंट्रोल आणि एफ ८ दाबून पाहावे की चौथा स्तंभ वरपासून खालपर्यंत हिरवा आहे ना.